काचेपलीकडचा ‘हं’

दिवसभरात मी दोन-तीनदा प्रेमात पडते, एकदा राजीनामा देते आणि जेवायच्या सुट्टीआधी लिफ्टमध्ये अडकते. धंदाच तसा आहे. मी ऑडिओबुकं वाचते. म्हणजे कपड्यांच्या घड्या घालताना लोक कानात पुस्तक लावतात ना, त्यातला आवाज माझा. आणि गेली चार वर्षं माझ्या वाट्याला एकच माल येतोय, ऑफिसातलं प्रेम. साहेब शेहेचाळीसचा, ती पंचविशीची. साहेबाच्या कानशिलावर मोजके चार केस पांढरे, चिमट्यानं लावल्यासारखे. त्याची पाठ दुखत नाही, जेवल्यावर त्याला पेंग येत नाही, चष्मा कुठे ठेवला ते तो विसरत नाही. तो शर्टाच्या बाह्या दुमडतो आणि हिचं काळीज हलतं. मी बावन्न वर्षांची आहे. बाह्या मीही दुमडते, पण भांडी घासायला.

यातली खरी गंमत अशी, की असला एक साहेब मी घरात बाळगून होते. माझा नवरा. त्याच्या ऑफिसात एक नवी मुलगी आली आणि त्याच्याही बाह्या दुमडल्या गेल्या. आता दोघं दुसऱ्या शहरात सुखात आहेत. मी चौकशी करत नाही. माझी धाकटी बहीण करते आणि मी विचारलं नसताना मला सांगते. तेव्हा मी शपथेवर म्हटलं होतं, असली थेरं उभ्या जन्मात तोंडातून काढणार नाही. आता रोज काढते, तीही मधाळ आवाजात.

बरं, एवढ्यावर भागलं नाही. पहिल्या पुस्तकात नायकासाठी पुरुषी आवाज हवा होता. जाड, जरा थकलेला, हुकूम सोडायची सवय असलेला. असा एकच आवाज मला आतून-बाहेरून पाठ होता. त्यामुळे माझे सगळे नायक माझ्या नवऱ्याच्या आवाजात प्रेम करतात. ‘तू थकली आहेस, बस जरा,’ हे वाक्य तर प्रत्येक पुस्तकात असतंच असतं. त्याच्या आवाजात ते मी लोकांना किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे. संसारात एकदा ऐकलं नाही.

माझ्या बहिणीला ही पुस्तकं म्हणजे जीव की प्राण. आम्ही दोघी एकत्रच राहतो. ती विमा कंपनीत अधिकारी आहे, भल्याभल्यांना सरळ करते, आणि संध्याकाळी भाजी चिरताना माझ्याच आवाजातलं प्रेम कानात घालून माझ्याच समोर उसासे टाकते. एकदा मी विचारलं, तुला यात दिसतं तरी काय?

ती म्हणाली, “अगं, आमचे साहेब माझंच पेन उचलतात आणि मलाच विचारतात, पेन कुणाचं. पुस्तकातला साहेब बघ. मागच्या महिन्यात ती काय म्हणाली होती ते त्याला आठवतं. वय गेलं खड्ड्यात. कुणीतरी मोठा माणूस हातातलं काम खाली ठेवून आपलं ऐकतोय, एवढंच पुरतं गं.”

मी तिला खूप हसले. जावं त्याच्या वंशा तेव्हा कळे.

आमचा स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि मधे जाड काच. अलीकडच्या खोलीत मी, माइक आणि भिंतींना लावलेल्या काळ्या गाद्या. पलीकडे रेकॉर्डिंग करणारा. माझ्या बहिणीनं त्याचं नाव काचवाला पाडलंय. वय अडतीस असावं, हाही बहिणीचाच हिशेब, कारण मी कधी विचारलं नाही. फार बोलत नाही. बटण दाबतो, माझ्या हेडफोनमध्ये आधी एक ‘हं’ येतो, मग जरा थांबून वाक्य. “हं. परत घेऊ या.” “हं. चालेल.” मी चुकले की तो दोन वाक्यं मागे नेतो, मला माझाच आवाज ऐकवतो आणि मी त्यात पुढचा आवाज जोडते. दिवसभर हेच.

आता तुम्हीच सांगा. माझा श्वास कुठे तुटला, ओठ कुठे सुकले, हे मला कळायच्या आत त्याला कळतं. एका सकाळी मी जेमतेम पहिलं पान वाचलं आणि तो म्हणाला, “हं. काल झोप झाली नाही का?” झाली नव्हती. माझ्या नवऱ्याला मी केस कापल्याचं आठ दिवसांनी समजायचं. एकदा ऐन चुंबनाच्या प्रसंगात काचवाला म्हणाला, “थांबा. पोट बोलतंय तुमचं.” आधी मी शरमेनं लाल झाले. मग वाटलं, चला, माझ्या पोटाचंही कुणीतरी ऐकतंय.

शिवाय तो रोज हिरवं सफरचंद आणायचा. फोडी करून, डबीत. आंबट फोड चावली की तोंडातला चिकटपणा जातो आणि जिभेचे चटचट आवाज माइकमध्ये येत नाहीत. हे आमच्या धंद्यातल्या पोरासोरांनाही माहीत आहे. मलाही माहीत आहे. पण फोडी इतक्या सारख्या कापलेल्या असायच्या, की मी त्यात भलतंच वाचायला लागले.

आणि त्यानं चार वर्षांत मला एकदाही ताई म्हटलं नव्हतं. नुसतं ‘तुम्ही’. मी हे बहिणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, “मावशी म्हणायचं असेल, धीर होत नसेल.”

पण माझी सगळी मदार होती ती त्या मिनिटावर. रोज काम संपलं की आम्ही खोलीची शांतता भरून घेतो. म्हणजे कुणीही बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि माइक चालू ठेवायचा. नंतर कुठे खोकला किंवा खुर्चीची करकर कापून टाकली, की त्या भोकात ही शांतता ठिगळासारखी लावायची. एक मिनिट. त्या मिनिटात मी त्याच्याकडे बघायचे आणि तो काचेतून माझ्याकडे. अगदी डोळ्यांत नाही. जरा वर, कपाळाच्याही वर. मी त्याला संकोच म्हणायचे. मोठ्या बाईच्या डोळ्याला डोळा कसा भिडवावा, असं वाटत असेल बिचाऱ्याला. त्या मिनिटासाठी मी नव्या साड्या नेसायचे, आणि साडी सळसळते म्हणून तो मला सुती नेसायला सांगायचा. ते वाक्यही मी घरी नेऊन रात्रभर चघळलं.

मधेच कंपनीत कुजबूज सुरू झाली. नायिका पंचविशीची आणि आवाज पन्नाशीचा, हे किती दिवस चालायचं? एक नवी मुलगी तयार होती. हे पुस्तक चांगलं झालं तर ऑफिस-प्रेमाच्या पुस्तकांची ही मालिका माझ्याकडे राहणार, नाहीतर तिच्याकडे जाणार. काचवाला मालिकेबरोबर बांधलेला, म्हणजे मालिका गेली की काच गेली. उगाच आडपडदा कशाला ठेवू? मला ती खुर्ची हवी होती, कारण खुर्चीसमोर तो होता. या वयात माझं एवढं ऐकणारं दुसरं कुणी मिळणार नव्हतं. पुस्तक संपेल त्या दिवशी ‘कुठेतरी कॉफी प्यायला जाऊ या का’ असं विचारायचं मी ठरवलं. आरशासमोर तालीमही केली. उतावळी नवरी, गुडघ्याला बाशिंग.

शेवटचं प्रकरण उरलं होतं तेव्हा तपासणाऱ्या बाई आल्या. प्रत्येक पुस्तक त्या ऐकून पास करतात. आम्ही त्यांना चाळणी म्हणतो, कारण त्यांच्यातून खडा सुटत नाही. त्या काचवाल्याशेजारी बसल्या. मी अलीकडे, हेडफोन लावून. त्यांनी दुसरं प्रकरण लावलं. माझा नायक गरजला, “फाइल ठेव तिथे. आणि बस.” मग त्यांनी नववं लावलं. नायक म्हणाला, “हं. राहू दे ती फाइल. तू थकली आहेस, बस जरा.”

“हा कोण?” चाळणी म्हणाल्या.

“तोच,” मी म्हटलं.

“तो नव्हे. पहिला शेहेचाळीसचा आहे, हुकूम सोडतो. हा कुणीतरी हळू बोलणारा आहे. आणि हा सारखा ‘हं’ का करतोय? पुस्तकात एकही ‘हं’ नाही.”

माझ्या पायाखालची जमीन सरकली ती तेव्हाच, कारण मला ऐकू आलं होतं. चाळणींनी आठवं लावलं, सातवं लावलं, मागे मागे जात चौथ्यापर्यंत आल्या. चौथ्याच्या सुरुवातीला माझा नवरा बोलत होता आणि शेवटी दुसराच कुणीतरी. “इथून बिघडलंय,” त्या म्हणाल्या. स्पीकरवर नायक नायिकेला म्हणत होता, “हं. चालेल. परत बघू या.” चाळणींनी काचवाल्याकडे वळून विचारलं, “चौथ्यापासून नायकाची सगळी वाक्यं पुन्हा घ्यावी लागतील. जमेल?”

तो म्हणाला, “हं. चालेल. परत घेऊ या.”

चाळणींनी स्पीकरकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग काचेतून माझ्याकडे. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. पर्स उचलत म्हणाल्या, “पहिला आवाज चांगला होता. साहेबी. तोच आणा,” आणि गेल्या.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी कॉफीचं एक वाक्य आरशासमोर घोकत होते आणि सहा प्रकरणं आधीच बोलून बसले होते, तीही माइकवर. बरं, समोरचा माणूस असा, की माझ्या पोटातली गुरगुर ओळखतो. त्याला स्वतःचा आवाज ओळखता आला नसेल? चौथ्या प्रकरणापासून तो रोज माझ्या तोंडून स्वतःला ऐकत होता, स्वच्छ करत होता, आणि मला सफरचंद कापून आणत होता. मी काचेकडे बघितलं. तो पडद्यावर काहीतरी करत होता. त्याचे कान लाल झाले होते.

घरी सांगितलं तर बहीण हसत हसत खाली फरशीवर बसली. मग माझं तोंड बघून उठली.

“आता?” तिनं विचारलं.

“आता परत नवऱ्याच्या आवाजात वाचायचं. सहा प्रकरणं.”

ती म्हणाली, “नको वाचूस.”

“मग खुर्ची जाईल.”

“खुर्ची की काच?”

माझी बहीण विमा कंपनीत आहे. कुठल्या प्रश्नावर माणूस खोटं बोलतो, हे तिला पाठ आहे. मी भांडी घासायला उठले.

दुसऱ्या दिवशी गेले. डबीत सफरचंद होतंच. हेडफोन लावले, पहिलंच वाक्य आलं, ‘तू थकली आहेस, बस जरा.’ नवऱ्याचा आवाज काढायला गेले आणि तो निघालाच नाही. खोकले. परत. या वेळी वाक्याआधी ‘हं’ आला, न बोलावता. परत. परत ‘हं’. तो बटण दाबून ‘परत’ म्हणायचा, तोही त्याच्या त्याच ‘हं’नंतर, आणि तो ऐकून माझा पुढचा ‘हं’ आणखी पक्का व्हायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथं चोर माइकसमोर बसला होता.

शेवटी त्यानं बटण दाबलंच नाही. खुर्चीवरून उठला आणि दारातून माझ्या खोलीत आला. माइक हलवायचा असल्याशिवाय तो कधी आत येत नाही. माझ्या छातीत असं धडधडायला लागलं, की माइक चालू असता तर भरून घेतलं असतं. तो माइकच्या स्टँडकडे बघत बोलला.

“मला चौथ्यातच कळलं होतं.”

“मग थांबवलं का नाही?”

“थांबवायला हवं होतं. चूक माझी. मी ते प्रकरण घरी नेलं. बायकोला ऐकवलं.”

बायको. तो माझ्या पोटाचं ऐकायचा आणि मला त्याच्या घरात माणूस आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. चार वर्षांत मी त्याला एक प्रश्न विचारला नव्हता. बोलण्याचा मक्ता माझा, ऐकण्याचा त्याचा, असा आमचा प्रेमाचा कारभार.

“ती स्वयंपाक करत होती,” तो म्हणाला. “हातातलं ठेवून म्हणाली, हा आवाज तुझा आहे. पण तू असं बोलत नाहीस. मला कधी म्हणालास, थकली आहेस, बस जरा?”

“म्हणाला होतात का?”

“नाही. दिवसभर कानात माणसं बोलत असतात. घरी गेलो की कान मिटावेसे वाटतात. ती बोलते, मी ‘हं’ म्हणतो. हल्ली तिनं बोलणंच सोडलंय. म्हणते, भिंतीशी काय बोलायचं. पण संध्याकाळी विचारते, पुढचं प्रकरण झालं का? तेवढंच विचारते. म्हणून तुम्हाला थांबवलं नाही. वाटलं, पुस्तक संपेपर्यंत तरी ती विचारत राहील.”

मला राग आला. त्याचा आला, त्याच्या बायकोचा आला, सफरचंदाचासुद्धा आला. मग नुसतं वाईट वाटलं, पोटातून. रडले असते, पण रडलं की नाक चोंदतं आणि दिवस वाया जातो. ज्या माणसाचं ऐकणं मी काळजात जपून ठेवलं होतं, तो संध्याकाळी कानांचं दुकान बंद करून घरी जात होता. ऐकणं ही त्याची नोकरी. मी त्याच्या नोकरीला प्रेम समजले. पुस्तकातल्या त्या पंचविशीच्या पोरीला मी मनात किती नावं ठेवली होती. ती निदान पंचवीस वर्षांची होती.

आणि त्याहून वाईट म्हणजे, मला त्याची बायको कळली. तिच्या ओट्यापाशी मी वीस वर्षं उभी होते.

मी हेडफोन काढले. चाळणींना तिथूनच फोन लावला. म्हटलं, “पहिला आवाज येत नाही, आणि मला तो आणायचाही नाही. दुसराही राहू दे. सगळा नायक पहिल्यापासून नव्यानं वाचते, माझ्याच आवाजात, जरा खाली ओढून. पटलं तर ठेवा, नाहीतर त्या मुलीला बोलवा.” चाळणी म्हणाल्या, “आधी एक प्रकरण पाठवा, ऐकते.” त्या कधीच याहून जास्त काही म्हणत नाहीत.

मग मी काचवाल्याला म्हटलं, “पण तुमच्या घरी जे शेवटचं प्रकरण जायचंय, ते मी वाचणार नाही. बसा इथे.”

“मला असं माइकसमोर वाचता येत नाही.”

“माझ्या तोंडून सहा प्रकरणं वाचलीत. बसा.”

तो माझ्या खुर्चीत बसला. मी फिरून पलीकडे गेले, त्याच्या जागी बसले आणि त्याचे हेडफोन कानाला लावले. अरे देवा, काय काय ऐकू येतं त्यातून. त्यानं आवंढा गिळला तो ऐकला, जीभ टाळ्याला चिकटली ती ऐकली. बटण दाबून म्हटलं, “सफरचंद खा.” त्यानं निमूटपणे फोड खाल्ली आणि वाचलं, “तू थकली आहेस. बस जरा.” वीजबिल वाचून दाखवल्यासारखं.

“परत.”

पुन्हा वीजबिल.

“कुणाला सांगताय? माझ्याकडे बघू नका. ती ओट्यापाशी उभी आहे, पाठमोरी. तिला सांगा.”

त्यानं डोळे मिटले. या वेळी आधी ‘हं’ आला, मग जरा थांबून वाक्य आलं, आणि ते बरोबर होतं. इतकं बरोबर, की मी हेडफोन दोन्ही हातांनी धरून ठेवले. ते वाक्य मला नव्हतं. कानात मात्र माझ्याच होतं.

प्रकरण संपायला दुपार गेली. शेवटी मी म्हटलं, “आता खोलीची शांतता भरून घेऊ. हलू नका.” बटण दाबलं आणि मिनिट मोजायला वर बघितलं.

त्याच्या डोक्याच्या जरा वर, खुर्चीमागच्या भिंतीवर, घड्याळ होतं.

तिथे घड्याळ आहे हे मला माहीत नव्हतं का? चार वर्षं मी माझी पर्स त्याच्याच खालच्या खुंटीला अडकवत आलेय. मला हसू फुटलं. काचेपलीकडून तो गोंधळून बघायला लागला. मी हातानंच सांगितलं, काही नाही, परत घेऊ.

दुसऱ्या खेपेला मी घड्याळाकडे बघितलं नाही. त्याच्याकडे बघितलं, नीट, पहिल्यांदाच. केस विरळ व्हायला लागले होते. शर्टाचं वरचं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं, घरी कुणीतरी लावलेलं. दमलेला, बरा माणूस. मला अजूनही तो आवडत होता, आणि आता त्याला काही इलाज नव्हता. तो मांडीवर हात ठेवून, श्वास रोखून, शाळेतल्या मुलासारखा बसून राहिला. बराच वेळ बसला.

मग त्यानं हळूच माइककडे वाकून विचारलं, “झालं का मिनिट, ताई?”

“केव्हाच झालं,” मी म्हटलं.